शिष्यवृत्ती : आधी माहिती, मग अर्ज

शिष्यवृत्ती मिळविण्यास बुद्धी लागते, तशीच माहितीही लागते. आम्ही शिक्षक मंडळी वर्षानुवर्षे पाहत आलो आहो की, अनेक हुशार मुलेमुली केवळ वेळेवर माहिती न मिळाल्याने मागे राहतात. माहिती कोठे शोधावी, याचा पाठ बडोद्याच्या इतिहासातच आहे.

भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. मुंबईस चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलास शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी हेरले होते. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकर गुरुजींच्याच खटपटीने महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले. १९१३ साली अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या करारात परतल्यावर संस्थानची १० वर्षे नोकरी करण्याची अट होती. मुदत संपल्याने १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते परतले. बडोद्यात नोकरी मिळाली; पण अस्पृश्यतेमुळे राहावयास जागा मिळेना, म्हणून ती सोडावी लागली. आपल्या शहराने हे विसरू नये.

यावरून विद्यार्थ्यांनी व पालकांनी चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, जाणता माणूस. ज्यास ती शिष्यवृत्ती पूर्वी मिळाली त्याचा अर्ज पाहावयास मागावा. प्राध्यापकांकडे शिफारसपत्र महिनाभर आधी मागावे.

दुसरी, मूळ नियम. वय, उत्पन्न, मुदत आणि करार स्वतः वाचावेत. जे. एन. टाटा यांनी १८९२ साली सुरू केलेली शिष्यवृत्ती कर्जाऊ आहे. ती फेडावी लागते. अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ साली निघालेली मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून नव्या अर्जदारांस बंद झाली. जुन्या यादीवर विसंबणाऱ्याचे श्रम फुकट जातात.

तिसरी, ग्रंथालय. सयाजीराव महाराजांनी १९१० साली उभारलेले मध्यवर्ती ग्रंथालय आणि विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय ही आपल्या शहराची ठेव आहे. आपल्या विषयात कोणते काम झाले आहे हे तेथे कळते, आणि त्यावाचून संशोधनाचा आराखडा नीट लिहिता येत नाही.

चौथी, निवासाची सोय. परगावी कोठे राहणार व किती भाडे पडेल, हे अर्जापूर्वीच विचारावे.

आमच्या सभासद-कुटुंबांत ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली असेल, त्यांनी आपला अर्ज व नियमांची प्रत पुढच्या विद्यार्थ्यासाठी जपून ठेवावी. दान देण्यास ऐपत लागते. वाट दाखविण्यास केवळ आठवण आणि आस्था पुरते.