वाढत्या अंगाची डर्ट बाईक

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. सायकल बिनधास्त चालवते. पुण्यात सुपरक्रॉसची शर्यत पाहिल्यापासून ‘मला मातीतली गाडी हवी’ असा हट्ट धरून बसली आहे. कराडजवळ आमचं रान आहे, त्यामुळे जागेची अडचण नाही. दुकानदार म्हणतो, 50 सीसीची वर्षभरात लहान होईल, एकदम 110 घ्या, दहावीपर्यंत बघायला नको. मित्र म्हणतो, इलेक्ट्रिक घे. काय करावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : दुकानदाराचा हिशेब शाळेच्या गणवेशाला लागू पडतो. वाढत्या अंगाचा घेतला तर फार तर बाह्या दुमडाव्या लागतात. मोटरसायकलचं तसं नाही. नवशिकं मूल बरेचदा पडतं ते थांबताना, वळवताना, नाहीतर बंद पडलेली गाडी सावरताना. तिथे पाय जमिनीला टेकले नाहीत की खेळ संपला.

म्हणून आधी टेप घ्या. मुलीला बूट घालून भिंतीला पाठ लावून उभी करा, दोन्ही पायांमध्ये एक जाडसर वही आडवी धरून वर जांघेपर्यंत सरकवा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. सात वर्षांच्या मुलांचं हे माप साधारण 52 ते 56 सेंटिमीटर भरतं. आता गाड्या बघा. यामाहाच्या पीडब्ल्यू 50 ची सीट जमिनीपासून 48 सेंटिमीटरच्या आसपास, होंडाच्या सीआरएफ 50 ची 55 च्या आसपास. 110 सीसीच्या गाड्यांची सीट 66 ते 68 वर असते आणि कावासाकीच्या केएलएक्स 110 च्या उंच आवृत्तीची तर 73 वर. म्हणजे दुकानदाराच्या गाडीवर तुमच्या लेकीचे पाय अधांतरी. शिवाय ती गाडी 75 किलोच्या घरात जाते आणि मुलगी असेल बावीस-तेवीस किलोची. अंगावर आली तर तिला ती ढकलताही येणार नाही.

सीटवर बसल्यावर दोन्ही पावलांचे चवडे एकाच वेळी टेकले पाहिजेत, पहिल्या गाडीला तर पूर्ण पाऊल टेकलं तर उत्तम. ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं पोचतात का, तेही पाहा. बऱ्याच गाड्यांत लिव्हर आत घेण्यासाठी छोटा स्क्रू असतो. विकणाऱ्याला तो माहीत नसेल तर गाडीबद्दल त्याला आणखी काय माहीत असेल, याचा अंदाज करा.

सीसीच्या आकड्यावर मात्र फार जाऊ नका. आपली लुना 50 सीसीची होती. पीडब्ल्यू 50 तेवढीच आणि केटीएमची 50 एसएक्सही तेवढीच. पण पीडब्ल्यू ही 1981 च्या मॉडेलपासून चालत आलेली, एकाच गिअरची, बिनक्लचची शांत गाडी. चेनऐवजी शाफ्ट आहे, त्यामुळे बोटं अडकायची भीती नाही. दोन्ही ब्रेक सायकलसारखे हातात. रेस किती ओढता यावी, हे थ्रॉटलजवळच्या स्क्रूने आईबाप ठरवू शकतात. सीआरएफला तीन गिअर आहेत, पण क्लच दाबावा लागत नाही. फक्त तिचा मागचा ब्रेक पायात आहे आणि सायकलवरून येणाऱ्या मुलाला तो नव्याने शिकावा लागतो. 50 एसएक्स ही सरळसरळ शर्यतीची गाडी. नोव्हेंबर 2024 मध्ये ती भारतात आली तेव्हाच पावणेपाच लाखांची होती. एका जागी उभी असते तेव्हा खेळण्यासारखी दिसते, पण रेस ओढली की मोठ्या माणसालाही दचकवेल. नवशिक्या मुलाला ती देऊ नये.

रेसवरून आठवलं. घाबरलेलं मूल काय करतं, ते नीट समजून घ्या. गाडी उसळली की ते हँडल घट्ट आवळतं, अंग मागे जातं, अंगाबरोबर उजवं मनगट खाली वळतं आणि गाडी आणखी जोरात पळते. ‘अगं सोड, सोड!’ म्हणून ओरडल्याने काही होत नाही. त्या क्षणी मूल धरूनच ठेवतं. त्यामुळे रेसवर मर्यादा घालायची सोय आणि मनगटाला दोरीने बांधायचा किल स्विच या दोन गोष्टी नसलेली गाडी घेऊ नका. ऑनलाइन मिळणाऱ्या, दोरी ओढून सुरू करायच्या स्वस्त 49 सीसी गाड्यांमध्ये ब्रेक, चेनवरचं कव्हर आणि सायलेन्सरचा गार्ड स्वतः हात लावून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुमच्या मित्राचं म्हणणं मला पटतं. सात वर्षांच्या मुलीसाठी मीही इलेक्ट्रिकच घेईन. वजन कमी, सायलेन्सरचा चटका नाही, वेगाला मर्यादा घालणं सोपं आणि आवाज नसल्यामुळे तुम्ही शेजारून धावत सांगितलेलं तिला ऐकू येतं. शेवटचा फायदा मला सगळ्यांत मोठा वाटतो. परदेशात स्टॅसिकच्या छोट्या बाईक यासाठी प्रसिद्ध आहेत. ती कंपनी 2019 मध्ये हार्ले-डेव्हिडसनने विकत घेतली. आपल्याकडे हिरोच्या विडाने 2025 च्या अखेरीस डर्ट-ई के3 आणली. ती चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे, लहान-मध्यम-मोठी अशी मापं त्याच गाडीत बदलता येतात, सर्वाधिक वेग ताशी 25 किलोमीटर आणि बाजारात आली तेव्हाची किंमत सत्तर हजारांच्या आसपास. दुकानदाराची ‘लहान होईल’ ही तक्रार इथे बरीचशी मिटते.

इलेक्ट्रिकची एकच खोड आहे : ती चालू आहे की बंद, हे आवाजावरून कळत नाही. पडलेली गाडी उचलताना मूल हमखास उजवी मूठ धरतं, ती पिळली जाते आणि गाडी एकटीच पुढे झेपावते. म्हणून पडल्यावर आधी स्विच बंद, मग गाडीला हात, हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्या.

आता तुमचं रान. ऊस तुटल्यावर मोकळं दिसणारं रान मुलांसाठी सर्वांत वाईट. जमिनीलगत तिरके छाटलेले खुंट भाल्यासारखे उभे असतात. त्यांच्यावर पडणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. ठिबकच्या नळ्या, मोटारीची वायर, तारेचं कुंपण आणि विहीर यांपासून लांब, पड किंवा खळ्यासारखा सपाट तुकडा निवडा, खडे वेचून काढा आणि चार टायर ठेवून गोल आखून द्या. तिला तेवढ्यातच फिरू द्या. साइडची छोटी चाकं लावू नका. ओबडधोबड जमिनीवर एक चाक उंचवट्यावर चढलं की गाडी उलटी कलते, आणि सायकल येणाऱ्या मुलीला ती हवीत कशाला?

रानातून घरापर्यंतचा डांबरी तुकडा कितीही छोटा असो, गाडी टेम्पोत टाकून न्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ नुसार अल्पवयीन मुलाच्या हातून रस्त्यावर गुन्हा घडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला 25 वर्षांचं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. गावात कोण विचारतंय, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगायला हवी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सोळा वर्षांखालच्या मुलांना ऑफ-रोड गाडी देऊच नका, असं म्हणते. त्याच देशात चार वर्षांची मुलं 50 सीसीच्या गटात शर्यती लावतात. माझं मत या दोन्हींच्या मधलं, पण डॉक्टरांच्या बाजूला झुकलेलं : फिरू द्या, शर्यत आणि उड्या आत्ता नकोत. घरात कुणाचा जीव घाबरत असेल तर ती भीती खोटी नाही, हे मान्य करून ठरवा.

खरेदीची सुरुवात हेल्मेटपासून करा. मुलांच्याच मापाचं, पूर्ण चेहरा झाकणारं आणि हातात घेऊन वजन पाहून निवडलेलं. कारण लहान मुलांची मान नाजूक आणि डोकं अंगाच्या मानाने मोठं. पट्टा लावून हेल्मेट हलवून पाहा; कपाळाची कातडी सोबत हलली तर माप बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर सैल. मग घोट्यावर येणारे बूट, ग्लोव्हज, गुडघे-कोपरांची पॅडं आणि छातीचं कवच. सगळा खर्च मिळून इलेक्ट्रिक गाडीच्या किमतीत आणखी दहा-पंधरा हजारांची भर धरा. ती रक्कम आत्ता जमत नसेल तर गाडी दिवाळीनंतर घ्या.