तलवारीवरील अक्षरें

मागील सत्रांत इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्यानें चित्रकथेचें पुस्तक माझ्यापुढें ठेविलें. त्यांतील कल्पित महावीराच्या खड्गावर व चिलखतावर पुरातन दिसणारी अक्षरें होतीं. “सर, ही ब्राह्मी कीं मोडी?” असा त्याचा प्रश्न. आम्हीं दोघांनीं एक दुपार चिन्हें मोजण्यांत घालविली. एकच चिन्ह सलग पांच वेळां आलेलें. डाव्या खांद्यावरील ओळ उजव्या खांद्यावर आरशांतल्याप्रमाणें उलटी. चित्रकारानें शोभेसाठीं काढलेल्या त्या रेघा होत्या. मुलाचें तोंड उतरलें, तेव्हां खऱ्या शस्त्रांवरील दोन लेख त्यास सांगितले.

इंग्लंडच्या राजसंग्रहांत शिवछत्रपतींची म्हणून नोंदलेली एक सरळ, एकधारी तलवार आहे. १८७५-७६ सालीं हिंदुस्थानांत आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड यांस ती कोल्हापूरच्या छत्रपतींकडून मिळाली. पात्याच्या खोबणींत आय्, एच्, एस् हीं रोमन अक्षरें तीनदां उमटविलीं आहेत. पुष्कळजण त्यांतून तीन लॅटिन शब्द काढितात. परंतु तो अर्थ मागाहून बसविलेला आहे. ग्रीक लिपींत येशूचें नांव आयोटा, ईटा, सिग्मा ह्या अक्षरांनीं सुरू होतें, आणि मोठा ईटा हुबेहूब रोमन एच्‌सारखा दिसतो. घोटाळा तेथला आहे.

युरोपांतील कारागीर हा संक्षेप पात्यांवर ठोकीत. तीं पातीं समुद्रमार्गें इकडे येत, त्यांस येथील मूठ बसे, व तलवारीस फिरंग म्हणत. (नांवाजलेल्या कारागिरांच्या मुद्रांची नक्कलही होई, आंद्रेआ फेरारा हें नांव तर अनेकांनीं आपल्या पात्यांवर घातलें.) तेव्हां तीं अक्षरें घडविणाऱ्याची श्रद्धा सांगत असतील, किंवा केवळ बाजाराची रीत, तलवार धरणाऱ्याविषयीं तीं कांहींच सांगत नाहींत. त्यांवरून महाराजांच्या धर्मासंबंधीं अनुमानें बांधणें आम्हां ख्रिस्ती मंडळीस शोभत नाहीं, आणि तीं झांकून ठेवावीं असें कोणास वाटण्याचेंही कारण नाहीं.

दुसरी तलवार नागपूरकर भोसल्यांची. एप्रिल २०२५ मध्यें महाराष्ट्र शासनानें ती लंडन येथील लिलावांत घेतली. ऑगस्टांत ती मुंबईस आली. पातें युरोपीयच, पण मुठीजवळ सोन्याच्या देवनागरी अक्षरांत लेख आहे : श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग. सेनासाहेब सुभा हा किताब छत्रपति शाहूंनीं दिलेला. शेवटच्या शब्दांत शस्त्र आपली जात स्वतःच सांगतें! येथें धनी बोलतो, कारागीर मुका आहे. मात्र ती रणांत चालली कीं दरबारांत मिरविली, हें त्या अक्षरांवरून समजत नाहीं.

पुढील सोमवारीं तो मुलगा घरचा तांब्या घेऊन आला. कांठाखालीं टिंबाटिंबांनीं नांव कोरलेलें होतें. त्यानें तें स्वतः वाचलें होतें. पण तें त्याच्या घरांतल्या कोणाचेंच नव्हतें. आजीस विचारतां ती म्हणाली, “बाजारांत जुनींच भांडीं घेतलीं होतीं, बाबा.”