न दिसणारी डिस्क

विद्यार्थिमित्रहो, गेल्या सुटींत वरच्या इयत्तेंतील एक विद्यार्थी खिन्न मुद्रेनें मजकडे आला. घरच्या लिनक्स संगणकावर केव्हीएमच्या साहाय्यानें आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, निर्माण करून त्यांत तो विंडोज ११ बसवीत होता. ६४ गिगाबाइटांची डिस्क त्यानें स्वतःच नेमून दिली होती. तरी ‘एकहि ड्राइव्ह सांपडला नाहीं’ असें सांगून काम थांबलें. डिस्क बिघडली असें समजून त्यानें ती पुसून नवी केली, तीहि दिसेना. तिसऱ्या वेळीं घाईंत त्यानें पुसली ती दुसऱ्याच यंत्राची डिस्क, आणि तींत त्याचा वर्षभराचा अभ्यास होता!

वस्तुतः पहिली डिस्क मुळींच बिघडलेली नव्हती. आभासी यंत्राची डिस्क ही बहुधा मूळ संगणकावरील एक मोठी फाइल असते. आंतील प्रणालीला ती दिसते नियंत्रकाच्या द्वारें, आणि नियंत्रकाशीं बोलावयास त्याचा ड्रायव्हर लागतो. केव्हीएममध्यें व्हर्टआयओ नांवाचा जलद नियंत्रक पुष्कळदां योजतात. त्याची मूळ योजना रस्टी रसेल ह्यांची. त्याचे ड्रायव्हर २००८ सालापासून लिनक्सच्या गाभ्यांतच असल्यामुळें लिनक्स बसवितांना सहसा अडचण येत नाहीं. विंडोजच्या प्रतींत मात्र ते नसतात. मोडी न जाणणाऱ्याच्या हातीं मोडी पत्र दिलें, तर त्याला तें वाचतां येत नाहीं. म्हणून पत्र कोरें ठरत नाहीं. तसेंच हें.

तेव्हां उपाय क्रमानें करावे. प्रथम यंत्राच्या सेटिंगांत डिस्क खरोखर जोडलेली आहे काय, आणि कोणत्या नियंत्रकास, हें पाहावें. व्हर्टआयओ असल्यास ‘व्हर्टआयओ-विन’ ही आयएसओ फाइल दुसरी सीडी म्हणून जोडावी व ‘लोड ड्रायव्हर’ हें बटण दाबून ‘व्हायोस्टोर’ फोल्डरांतील आपल्या विंडोजचा विभाग निवडावा. नियंत्रक व्हर्टआयओ-स्कझी असेल तर ‘व्हायोस्कझी’ फोल्डर घ्यावें. त्यांतील ‘एएमडी६४’ हें नांव पाहून इंटेलवाल्यांनीं बिचकूं नये. तें ६४ बिटी प्रणालीचें नांव आहे. ही सीडी जवळ नसल्यास डिस्क साटा पद्धतीनें जोडावी. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्यें असतोच. वेग मात्र कांहींसा कमी मिळतो. पुढें व्हर्टआयओचा ड्रायव्हर आंत बसविल्यावांचून नियंत्रक बदलूं नये. नाहींतर विंडोज सुरूच होणार नाहीं.

आम्हीं ड्रायव्हर दाखवितांच डिस्क तत्काळ दिसली; गेलेला अभ्यास मात्र परत आला नाहीं. बालमित्रहो, ‘दिसत नाहीं’ आणि ‘नाहीं’ ह्यांत महदंतर आहे. कारण शोधल्याशिवाय कांहींहि पुसूं नका, आणि पुसण्यापूर्वीं फाइलीचें नांव दोनदां वाचा. पालकांनींहि मुलांच्या कामाची एक प्रत निराळ्या डिस्कवर ठेवण्याची संवय त्यांस लावावी. त्या मुलाजवळ अशी एक प्रत असती, तर त्याचें वर्ष वांचलें असतें.