केबलचं वेष्टन पुन्हा चढेल का?

प्रश्न : माझ्या 29 वर्षांच्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. अधू झालेली नजर सुधारेल का? उन्हात तिचे पायही गळतात. – एक वाचक, दौंड तालुका

उत्तर : विहिरीवरच्या मोटरची केबल उंदराने कुरतडली की आतली तार शाबूत असूनही मोटर अडखळते. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या नसांवरचं मायलिनचं वेष्टन कुरतडते. या हल्ल्यातली सूज औषधांनी बरीच आटोक्यात राहते, नवे झटके कमी होतात. म्हणून बरं वाटलं तरी औषध सोडू देऊ नका.

सूज ओसरली की नजर बऱ्याचदा सुधारते. थोडं वेष्टन शरीरही पुन्हा चढवतं, पण ती डागडुजी वाढवणारं खात्रीचं औषध अजून हाती नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत क्लेमास्टिन या ॲलर्जीच्या जुन्या औषधाने डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा संदेश किंचित लवकर पोचला. याच औषधाच्या नंतरच्या एका चाचणीत मात्र काही रुग्णांचा आजार बळावला. कळकळीने सांगतो, ते मनाने आणून देऊ नका.

उन्हाने आजार वाढत नाही. अंग तापलं की उघड्या नसेतून संदेश अडतो, गार झाल्यावर पुन्हा जातो. ओला पंचा मानेवर ठेवा, कामं सकाळीच उरका. अशक्तपणा 24 तासांहून जास्त टिकला, तर लगेच न्यूरोलॉजिस्टना दाखवा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार नावानिशी आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करा.