कवकाच्या फळीवरची बिऱ्हाडे

पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्या तुम्ही पाहिल्याच असतील. दोन-तीन दिवसांत त्या कुजून जातात. पण जुन्या झाडाच्या खोडाला भिंतीतल्या फळीसारखे चिकटलेले, लाकडाइतके कठीण असे दुसऱ्या प्रकारचे कवकही असते. कोकणात फणसाच्या खोडावर असे कवक येते. त्याला ‘फणसोंबा’ म्हणतात आणि घरगुती औषधात वापरतात. अशी काही कवके वर्षानुवर्षे टिकतात. म्हणूनच त्यांत बिऱ्हाड थाटणे किड्यांना परवडते.

फळीची खालची बाजू भिंगातून पाहा. सुईने टोचल्यासारखी असंख्य छिद्रे दिसतील. प्रत्येक छिद्र म्हणजे एका उभ्या नळीचे तोंड. नळीच्या आतल्या अंगाला बीजाणू तयार होतात व खाली गळतात. गॅनोडर्मा अ‍ॅप्लॅनेटम या कवकाची एक मोठी फळी दिवसाला सुमारे ३,००० कोटी बीजाणू सोडते! असल्या नळ्यांत पिसासारख्या पंखांचे काही भुंगेरे राहतात. नळीत मावायचे म्हणजे अंग किती लहान हवे याची कल्पना करा. याच कुळातील स्किडोसेला मुसावासेन्सिस हा भुंगेराही कवकावर सापडतो. २०१५ साली कोलंबियातील नमुने मोजले, तेव्हा त्यांतला सर्वांत लहान ०.३२५ मिलिमीटर भरला. म्हणजे असे तीन भुंगेरे एकापुढे एक ठेवले तरी जेमतेम एक मिलिमीटर!

आता उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील जंगलात जाऊ. तेथे गॅनोडर्माच्या फळ्यांवर सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, खडबडीत, काळपट भुंगेरा राहतो. नाव बोलिटोथेरस कॉर्नुटस. नराच्या पाठीवरून दोन शिंगे पुढे आलेली असतात. मादीच्या पाठीवर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला उचकटून काढण्यासाठी ती पहारीसारखी उपयोगी पडतात. मादी फळीवर एकेक अंडे घालते आणि त्यावर आपल्याच विष्ठेचा काळा लेप देते. अळी आत शिरते, कवक खाते, आतच कोषात जाते आणि पूर्ण वाढलेला भुंगेरा फळी पोखरून बाहेर पडतो.

या किड्याला हात लावला, तर तो पाय आखडून मेल्याचे सोंग करतो. पण उंदरासारख्या सस्तन प्राण्याने नाक जवळ आणले, तर? जेफ्री कॉनर, थॉमस आइस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. श्वासातील ऊब, दमटपणा आणि झुळूक यांची चाहूल लागताच तो पोटाच्या टोकाकडील ग्रंथी बाहेर काढतो. त्यांत क्विनोन नावाची उग्र रसायने असतात. नुसत्या श्वासावरून शत्रू ओळखणारा हा किडा मला तरी फार हुशार वाटतो!

मात्र त्याची एक अडचण आहे. तो क्वचितच उडतो. बहुधा चालतच जातो. ओंडका पार कुजला, की कवकही संपते. मग जवळपास दुसरा ओंडका नसेल, तर जायचे कोठे? स्वीडन व फिनलंडमधील जंगलांतून मेलेली झाडे उचलली गेल्यामुळे अशा लाकडावर व कवकांवर जगणारे कितीतरी भुंगेरे दुर्मिळ झाले आहेत.

फळी मेली तरी वर्दळ थांबत नाही. सिइडी कुळातले दोन-तीन मिलिमीटरचे भुंगेरे तिचा भुगा करू लागतात. कपडे खाणाऱ्या कसरीच्या नात्यातल्या पतंगांच्या अळ्या येतात. त्यांना खाणारे छद्मविंचू आणि त्यांच्यावर वाढणाऱ्या परजीवी गांधीलमाश्याही मागोमाग येतात.

ही वर्दळ घरी पाहता येते. खाली गळून पडलेली एखादी जुनी, कोरडी फळी आणा. झाडावरची काढू नका, आणि अनोळखी कवक तोंडात मुळीच घालू नका. फळी काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमलीचे फडके बांधा. बरणी उन्हात ठेवू नका. किडे असतील, तर काही दिवसांत तळाशी पिठासारखा भुगा साचू लागेल. तारीख घालून वहीत नोंद ठेवा: भुगा प्रथम केव्हा दिसला, पहिला भुंगेरा केव्हा बाहेर आला, आणि त्याच्यामागून आणखी कोण आले.