मोठ्या जनावरासाठी रायफल कोणती?

गवा व वाघ यांच्या शिकारीचे परवाने मिळत त्या काळी, त्यांच्या मागावर प्रथमच निघणारे तरुण मला रायफल किती बोअरची घ्यावी असे वारंवार विचारत, आणि त्यांना उत्तर देताना सातपुड्याच्या रानात पाहिलेले दोन प्रसंग मी प्रत्येक वेळी सांगत असे.

माझे एक स्नेही, ज्यांचा सांबरावरील नेम क्वचितच चुके, वनखात्याकडून गव्याचा परवाना काढून ३०-०६ रायफलीनिशी मेळघाटात आले होते. १८० ग्रेनची सॉफ्ट नोज, म्हणजे मऊ टोकाची, लागताच पसरणारी गोळी सांबराला पुरेशी असते. परंतु ज्याचे वजन दोन हजार पौंडांच्या घरात जाते आणि ज्याचा खांदा स्नायूंच्या जाड थराने मढलेला असतो, अशा वळूच्या तिरक्या अंगात ती शिरताच फुटली व मर्मस्थानापर्यंत पोचलीच नाही. जखमी गवा बांबूच्या दाटीत शिरला आणि रात्र पडली. दुसऱ्या दिवशी माग काढणाऱ्या कोरकू गड्यावर तो आडवा येऊन तुटून पडला, त्यात त्या बिचाऱ्याच्या फासळ्या मोडल्या, आणि मग .३७५ मॅग्नमच्या ३०० ग्रेनच्या सॉलिड, म्हणजे न पसरणाऱ्या, गोळीने त्या जनावराच्या यातनांचा अंत झाला.

दुसरा प्रसंग याच्या नेमका उलट. एका जहागीरदारांच्या चिरंजिवांनी .४७० ची दुनळी एक्सप्रेस रायफल पैदा केली होती. १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरला मनाई केली, तेव्हा त्याच्या जागी जे बोअर निघाले त्यांतलाच .४७० हा एक. या रायफलीची गोळी ५०० ग्रेनची आणि धक्का त्याच मानाने जबर. त्या धक्क्याच्या धास्तीने चिरंजीव घोडा ओढण्यापूर्वीच डोळे मिटत. परिणामी हाक्यातून सावकाश चालत आलेल्या वाघाच्या मांडीला गोळी लागली, आणि तो सापडेपर्यंत आसपासच्या गावांतील गुराख्यांना रानात पाऊल टाकण्याची सोय उरली नाही.

यावरून माझे मत असे बनले आहे की, जनावर आडवे, निश्चल व उजेडात उभे राहील असे गृहीत धरून बोअर निवडू नये. ते तिरके, अर्धवट झाकलेले किंवा अंगावर येणारे असेल तेव्हा जी गोळी हाड मोडून आत जाईल तीच खरी गोळी. प्रसिद्ध हत्ती-शिकारी बेलसाहेब यांनी आफ्रिकेत .२७५ ने हत्ती मारले हा दाखला मला नेहमी ऐकवला जाई. परंतु हत्तीच्या कवटीची रचना त्यांनी अभ्यासिली होती आणि जागा मिळेपर्यंत थांबण्याचा संयम त्यांच्या अंगी होता, हे ऐकवणारे विसरत.

म्हणून त्या तरुणांना माझा सल्ला असे: गव्यासाठी .३७५ च्या खाली उतरू नये व सॉलिड काडतुसे जवळ बाळगावीत. वाघासाठी त्याच रायफलीत सॉफ्ट नोज भरावी. सांबरासाठी ३०-०६ यथायोग्य आहे. रायफल विकत घेण्यापूर्वी ती उभ्याने, बैठकीशिवाय, निशाणावर झाडून पाहावी, आणि शेवटच्या काडतुसापर्यंत डोळे उघडे राहून नेम टिकतो की नाही याची स्वतःशी निष्ठुरपणे तपासणी करावी. जो बोअर जनावराला पुरतो तो आपल्या खांद्याला झेपत नसेल, तर त्याहून हलकी रायफल घेऊन गव्यामागे जाण्यापेक्षा त्या परवान्याचा अर्जच करू नये. कारण गोळी सुटल्यानंतर तिच्या परिणामांची जबाबदारी रायफलीवर नव्हे, तर ती निवडणाऱ्या माणसावर राहते.