आपल्या पायांखालचा शिलारस

जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील डोंगर ज्या काळ्या कातळाचे बनले आहेत, तो कातळ एके काळीं वितळलेला रस होता. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूपृष्ठाच्या लांबच लांब भेगांतून हा शिलारस वर आला, थरावर थर पसरला आणि निवून दख्खनचें पठार बनलें. आजहि हे थर सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहेत.

नोव्हेंबर २०१८ पासून जवळच्या डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के वारंवार बसूं लागले. तो जुना अग्नि पुन्हां जागा तर होत नाहीं ना, अशी शंका कोणाच्याहि मनांत येणें साहजिक आहे. म्हणून खोल दडलेला शिलारस शास्त्रज्ञ कसा ओळखतात, तें आपण पाहूं.

पहिलें साधन म्हणजे भूकंपाच्या लहरी. वैद्य छातीवर बोटें वाजवून आंतील दोष ओळखतो, तसाच हा प्रकार आहे. घट्ट खडकांतून लहरी वेगानें जातात. अर्धवट वितळलेल्या खडकांत त्या मंदावतात. ठिकठिकाणच्या यंत्रांवर त्या केव्हां पोहोंचल्या हें ताडून अमेरिकेंतील यलोस्टोन या महाज्वालामुखीखालील सांठ्याचा आकार ठरविण्यांत आला.

दुसरें साधन जमिनीची उंची. शिलारस वर चढूं लागला कीं जमीन किंचित् फुगते, व तो फुगवटा उपग्रहांच्या साह्यानें मोजतां येतो.

तिसरें साधन निवालेला दगड. कसारा घाटांतील कांहीं थरांत मोठमोठे फिकट स्फटिक दिसतात. खोल सांठ्यांत शिलारस सावकाश निवत असतांना ते वाढले. खोडांतील वर्तुळांवरून झाडाचें वय कळतें, त्याप्रमाणें या स्फटिकांच्या थरांवरून त्या सांठ्याचा इतिहास वाचतां येतो.

डहाणूकडील धक्के मोजण्यासाठीं हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनें तेथें यंत्रें बसविलीं. अभ्यासक या धक्क्यांचा संबंध भूगर्भांतील भेगांवर खडक सरकण्याशीं जोडतात. पावसाच्या पाण्याचा परिणामहि कांहींनीं तपासला आहे. तेव्हां आपणांस भय बाळगावयाचें तें उसळत्या अग्नीचें नव्हे, तर कच्च्या भिंतींचें. घर मजबूत बांधावें, धक्का थांबतांच मोकळ्या जागेंत जावें, आणि ही गोष्ट घरांतील वडील माणसांसहि समजावून सांगावी. खरें ज्ञान व्यर्थ भीति घालवितें आणि योग्य सावधपणा शिकवितें.